चमचाभर मांदेली : माशांची चवीची भुकटी कशी होते

वर्सोव्याच्या बाजारात मी ज्या मावशींकडून मासळी घेते, त्या मांदेली तोलण्याआधी एक प्रश्न हमखास विचारतात. तळायला की सुकवायला? तळायला म्हटलं की समोरच्या टोपलीतली देतात. सुकवायला म्हटलं की टोपलीला हात लावत नाहीत, मागच्या बर्फाच्या पेटीतली काढतात. मला बरीच वर्षं हे उलटं वाटायचं. सुकवायचीच आहे, तर थोडी उशिराची असली म्हणून काय बिघडलं? उरलेलं, शिळं होत आलेलं म्हावरंच सुकवतात अशी आपली शहरातली समजूत. पुढे मी घरी माशांची चवीची भुकटी करायला लागले, दोन-तीनदा हात पोळून घेतले, मग त्यामागचं शास्त्र वाचलं, आणि मावशींच्या त्या प्रश्नात अर्धं उत्तर आहे हे कळलं.

भुकटी म्हणजे काय, ते आधी सांगते. लहान मासे किंवा कोळंबीची डोकी उकडून, खडखडीत वाळवून, भाजून केलेली बारीक पूड. आमटीत, कालवणात, सूपमध्ये, तळलेल्या भातात अर्धा चमचा घातली की पदार्थ भरल्यासारखा लागतो. बाजारात मिळणारे मसाल्याचे क्यूब, नूडल्सबरोबर येणारी पुडी, चायनीजच्या गाडीवरची पांढरी पावडर हेच काम करतात. फरक कुठे आहे आणि कुठे नाही, हे नीट पाहायला हवं, कारण याबद्दल बरंच खोटं सांगितलं जातं.

रश्शाची गोडी

कालवण जमून आलं की आपण म्हणतो, "रश्शाला गोडी आलीय." त्यात साखरेचा कणही नसतो. वांगं-बटाट्याच्या रश्श्यात मूठभर सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी, पडले की जी चव उतरते, ती खारट नाही, आंबट नाही, तिखट नाही. जिभेवर पसरते, रेंगाळते, तोंडाला पाणी सुटतं. मराठीत तिला वेगळं नाव नाही, म्हणून आपण गोडी म्हणून वेळ निभावतो. जपानीत तिला उमामी म्हणतात.

१९०८ साली टोकियोच्या विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळाच्या पाण्यातून ही चव देणारा पदार्थ वेगळा काढला. तो निघाला ग्लुटामेट, म्हणजे प्रथिनं ज्या तुकड्यांची बनतात त्यांपैकी एक. दुसऱ्याच वर्षी त्याचं मीठ, मोनोसोडियम ग्लुटामेट म्हणजेच एमएसजी, अजिनोमोटो या नावानं विक्रीला आलं. चायनीजच्या गाडीवरची पांढरी पावडर ती हीच. १९१३ मध्ये इकेदांचे शिष्य शिंतारो कोदामा यांनी सुकवलेल्या बोनिटो माशातून दुसरा पदार्थ शोधला, इनोसिनेट. पुढे अकिरा कुनिनाका यांनी दाखवून दिलं की हे दोन्ही एकत्र आले की त्यांच्या चवींची नुसती बेरीज होत नाही, ती कितीतरी पटींनी वाढते. सारख्या प्रमाणात मिसळले तर एकट्या ग्लुटामेटच्या साधारण सात-आठ पट.

असं का होतं? जिभेवर या चवीचा जो रिसेप्टर, म्हणजे चव ओळखणारा रेणू, आहे, त्याचा आकार उघड्या शिंपल्यासारखा असतो. पाण्यातली तिसरी आठवा, दोन शिंपांच्या मधे काही आलं की मिटते. ग्लुटामेट आत येऊन बसलं की हा शिंपला मिटतो आणि मेंदूकडे निरोप जातो. पण तो लगेच पुन्हा उघडू पाहतो. इनोसिनेट त्याच्या तोंडाशी येऊन बसतं आणि मिटलेला शिंपला मिटलेलाच धरून ठेवतं. निरोप जातच राहतो.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे बघा. टोमॅटोत ग्लुटामेट भरपूर असतं, पिकलेल्या शंभर ग्रॅम टोमॅटोत दीडशे ते अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास. बटाट्यातही थोडं असतं. इनोसिनेट येतं मासळीतून आणि मांसातून. टोमॅटो घालून केलेलं मासळीचं कालवण, सोडे-बटाटा, या जोड्या आपल्याकडच्या बायकांनी कोणतंही नाव न देता, फक्त चाखून जुळवल्या आहेत. मला याचं फार अप्रूप वाटतं.

पांढरी पावडर विष आहे का?

नाही. मी भुकटी करते, लोकांना करायला सांगते, तरीही हे स्पष्ट सांगणं मला गरजेचं वाटतं. माशातलं ग्लुटामेट आणि पुडीतलं ग्लुटामेट हा रेणू एकच. शरीराला त्यात फरक कळत नाही. ते पेट्रोलपासून करतात वगैरे ऐकीव गोष्टी आहेत. १९५६ साली जपानमध्ये ग्लुटामेट बाहेर टाकणारा एक जिवाणू सापडला, आणि तेव्हापासून ते उसाची मळी किंवा स्टार्च आंबवून करतात. दही लावतो तसाच हा व्यवहार, फक्त मोठ्या टाक्यांमध्ये.

पाकिटाच्या मागे ६२१ हा आकडा दिसला तर ते ग्लुटामेट. ६३१ म्हणजे इनोसिनेट. ६२७ म्हणजे मशरूममध्ये असणारं ग्वानिलेट, आणि ६३५ म्हणजे शेवटच्या दोघांचं मिश्रण. "नो एमएसजी" असं मोठ्या अक्षरात लिहिलेल्या पाकिटावर यीस्ट एक्स्ट्रॅक्ट किंवा हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन असे शब्द असतील, तर ग्लुटामेट तिथेही आहेच, दुसऱ्या दारानं आलेलं.

मग भुकटी कशासाठी? माझं म्हणणं असं की पुडीत गोडी देणारे दोन-तीन रेणू असतात आणि बाकी मीठ, साखर, स्टार्च, तेल. त्यामुळे प्रत्येक पदार्थ एकाच चवीचा होतो. मासळीच्या भुकटीत तेच रेणू आहेत, शिवाय कोळंबीला गोडसर करणारं ग्लायसिन आहे, भाजल्यावर येणारे सुवासाचे शेकडो घटक आहेत, काट्यांसकट दळली तर कॅल्शियम आहे, आणि प्रथिनं तर आहेतच. मांदेलीची भुकटी आणि जवळ्याची, म्हणजे अगदी बारीक कोळंबीची, भुकटी चवीला वेगळ्या लागतात. मीठ किती घालायचं हे आपल्या हातात राहतं. मुंबईच्या किनाऱ्याला जी लहान मासळी उतरते, तिचं हे सोनं करणं आहे.

मेलेल्या माशातलं घड्याळ

आता मावशींच्या प्रश्नाकडे येते.

जिवंत माशाच्या स्नायूत हालचालीसाठी लागणारी ताकद एटीपी नावाच्या रेणूत साठवलेली असते. मासा मेला की नवं एटीपी तयार व्हायचं थांबतं, पण असलेलं मोडत राहतं. पायरी-पायरीनं मोडतं, आणि यातल्या एका पायरीवर तयार होतं इनोसिनेट. म्हणजे आपल्याला हवी असलेली गोडी जिवंत माशात जवळजवळ नसतेच, ती मेल्यानंतरच्या तासांत तयार होते. पण घड्याळ तिथे थांबत नाही. माशाचीच एन्झाइम, म्हणजे अशी मोडतोड घडवणारी प्रथिनं, इनोसिनेट पुढे मोडतात, त्याचं इनोसिन होतं, ते बेचव. त्याचं पुढे हायपोझॅन्थिन होतं, ते कडू. शिळ्या मासळीत जो कडवटपणा जाणवतो, त्यात याचा मोठा वाटा असतो. जपानी संशोधकांनी १९५९ मध्ये यावरूनच ताजेपणाचं माप ठरवलं, त्याला के-व्हॅल्यू म्हणतात. एकूण साठ्यातला किती भाग या शेवटच्या दोन पायऱ्यांवर पोचला, एवढंच त्यात मोजतात.

गोडी ही अशी मधल्या स्टेशनवर थोडा वेळ थांबणारी गाडी आहे. बर्फ तिचा थांबा लांबवतो. उकळतं पाणी तिला तिथेच कायमची थांबवतं, कारण उष्णतेनं एन्झाइम निकामी होतात. म्हणून जपानमध्ये लहान तारलीसारखे मासे आधी मिठाच्या पाण्यात उकडतात आणि मग वाळवतात. लक्षद्वीपचं मासमीन असंच होतं, कुप्याचं, म्हणजे ट्यूनाचं, मांस आधी शिजवायचं, मग धुरी देऊन वाळवायचं.

आपले वलांडीवरचे बोंबील मात्र कच्चेच वाळतात. बांबूच्या रांगांवर जबड्यात जबडा अडकवून टांगलेले, दोन-चार दिवस उन्हा-वाऱ्यात. या सावकाश वाळण्यात एन्झाइमांना वेळ मिळतो आणि इनोसिनेटचा बराच भाग निघून जातो. पण त्याच वेळात दुसरी एन्झाइम प्रथिनांच्या लांब साखळ्या तोडतात आणि ग्लुटामेटसारखे सुटे तुकडे वाढतात. अखंड प्रथिनाला चव नसते, सुट्या तुकड्यांना असते. त्यामुळे सुक्या बोंबलाची चव निराळी, खोल, उग्र वासाची. ती कमी दर्जाची मुळीच नाही. पण पिठल्यात किंवा सूपमध्ये घालायला सौम्य भुकटी हवी असेल, तर उकडून वाळवलेलीच चांगली.

वासाचंही इथेच उरकते. समुद्री माशात एक बिनवासाचा पदार्थ असतो, जिवाणू त्यापासून ट्रायमिथाइलअमाइन तयार करतात, आणि आपण ज्याला मासळीचा वास म्हणतो तो मुख्यतः याचा. आंबट लागलं की ते हवेत उडत नाही. कोकम, चिंच, लिंबू यांचं मासळीशी जे नातं आहे ते असं.

कोणती मासळी घ्यावी

माझी पहिली भुकटी बांगड्याची होती आणि ती पंधरा दिवसांत खवट झाली. मासळी ताजी होती, वाळवलीही नीट होती. दोष चरबीचा होता. माशाचं तेल हवेशी फार लवकर बिघडतं, आणि दळल्यावर प्रत्येक कणाला हवा लागते. बांगडा, तारली हे तेलकट मासे खायला उत्तम, भुकटीला नकोत. जवळा, करदी, बोंबील, मांदेली बऱ्या. फक्त बोंबलात जवळजवळ नऊ दशांश पाणीच, त्यामुळे किलोभरातून हाती फार थोडं लागतं, आणि उकडताना तो फुटतो. माझं मत मांदेली आणि जवळा या जोडीला. दोन्ही स्वस्त, दोन्ही डोलीच्या जाळ्यात भरपूर येणारे.

बांगडा, कुपा, सुरमई यांच्याबाबत एक गंभीर गोष्ट आहे. यांच्या मांसात हिस्टिडिन नावाचा घटक जास्त असतो. मासळी बर्फाशिवाय राहिली की जिवाणू त्याचं हिस्टमिन करतात. ते खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, खाज येते, डोकं दुखतं, छातीत धडधडतं. हिस्टमिन उकळून जात नाही, भाजून जात नाही, वाळवून तर उलट एकवटतं. वासानंही कळेलच असं नाही. मांदेलीसुद्धा या धोक्यातून पूर्ण सुटलेली नाही. तेव्हा बर्फातली पेटी का, ते आता आणखी स्पष्ट झालं असेल.

ससून डॉकला कोळंबी सोलणाऱ्या बायकांच्या बाजूला डोक्यांचे आणि सालांचे ढीग दिसतात. कोळंबीच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग हाच. चवीचा मोठा साठा यात आहे. पण डोक्यातल्या पाचक ग्रंथीत तीव्र एन्झाइम असतात, त्यामुळे डोकी सगळ्यात आधी काळी पडतात, आणि जड धातू साठतात तेही याच ग्रंथीत. म्हणून मी घरच्याच कोळंबीची, सोलल्याबरोबर उकडलेली डोकी वापरते, आणि तीही अधूनमधून. सालं सगळी दळायची नाहीत, ती दाताखाली कचकचतात. डोकी-सालं परतून, पाण्यात उकळून, गाळून, तो अर्क आटवून भुकटीत जिरवला तर चव येते आणि कचकच टळते.

घरची कृती

किलोभर मांदेली. डोकी आणि पोट काढून धुवा. लिटरभर पाण्यात दोन सपाट मोठे चमचे मीठ घालून खळखळ उकळी आणा, मासे टाका, पुन्हा उकळी आल्यावर तीन-चार मिनिटांत काढा. वर तरंगणारा फेस आणि तेल आधी काढून टाका, नाहीतर ते माशांना चिकटून येतं. चाळणीत निथळू द्या.

मग वाळवणं. एप्रिल-मेच्या उन्हात जाळीखाली, रात्री आत घेऊन, दोन दिवस लागतात. इमारतीत राहणाऱ्यांना वासाची अडचण येते, ती खरी आहे, शेजाऱ्यांचा विचार करायला हवा. उकडलेल्या माशाचा वास कच्च्यापेक्षा पुष्कळ कमी असतो. मी आता छोटा डीहायड्रेटर वापरते, साठ अंशांवर आठ ते दहा तास. उष्णता वाढवून घाई केली तर बाहेरून कवच धरतं आणि आत ओल राहते. त्या ओलीवर पुढे बुरशी येते.

किती वाळलं हे कसं ओळखायचं? मासा वाकता कामा नये, कट्कन तुटला पाहिजे. त्याहून पक्की खूण म्हणजे वजन. तासाभराच्या अंतरानं दोनदा तोला, काटा हलला नाही की झालं. यामागचं कारण असं : पदार्थात पाणी असणं वेगळं आणि ते जिवाणूला मिळणं वेगळं. टाकीत पाणी असलं तरी नळ बंद असेल तर आपल्याला काय उपयोग? पाणी किती मोकळं आहे याचं शून्य ते एक असं माप आहे, आणि ते ०.६ च्या खाली गेलं की जिवाणू, यीस्ट, बुरशी यांपैकी कशाचीच वाढ होत नाही. मीठ आणि वाळवण दोन्ही तो नळ बंद करतात.

वाळलेले मासे मंद आचेवर तव्यावर परता. प्रथिनांचे तुकडे आणि थोडीफार साखर यांच्यात उष्णतेनं क्रिया होते, तीच जी भाकरीला खरपूस डाग पाडते. वास बदलला, ओल्या मासळीचा जाऊन भाजक्या शेंगदाण्याकडे झुकला, की उतरवा. पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरमध्ये फिरवा, गरम फिरवलं तर वाफेनं गोळा होतो. चाळा, जाड राहिलेलं पुन्हा दळा. किलोभर ओल्या मांदेलीतून दीडशे ग्रॅमच्या आसपास भुकटी निघते.

जवळा आयता सुकवलेला घेत असाल तर नीट निवडा, वाळू असते. गरम पाण्यातून झटपट काढून, पुन्हा खडखडीत वाळवून, मग भाजा. एक भाग जवळा, दोन भाग मांदेली हे माझं प्रमाण. त्यात मूठभर वाळवलेल्या टोमॅटोची पूड घातली की ग्लुटामेटची बाजूही भरून निघते. लसूण-मिरची मी घालत नाही, ती पदार्थाच्या फोडणीत येणारच असते.

कारखान्यात यापुढची पायरी गाठतात. मासळीच्या लगद्यात पपईतल्या पपेनसारखी एन्झाइम घालून पन्नासेक अंशांवर प्रथिनं मुद्दाम तोडतात, गाळतात, आणि त्या रसाचा गरम हवेत फवारा मारून पावडर करतात. पाण्यात पूर्ण विरघळते. पण तोडणं नको त्या ठिकाणी थांबलं तर कडू तुकडे तयार होतात, त्यामुळे हे घरी करण्याचं काम नाही. कोणाला यातून छोटा धंदा करायचा असेल, तर वर्सोव्यातच केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, आणि कोचीची केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था मासळीच्या सौर वाळवणी यंत्रांवर काम करते. विकायची असेल तर पाकिटावर मासे आणि कवचधारी यांचा ॲलर्जीसाठीचा उल्लेख बंधनकारक आहे.

वापरताना

चार माणसांच्या कालवणाला अर्धा चहाचा चमचा पुरे. जास्त घातली की गोडी वाढत नाही, वास वाढतो. आणि घालायची ती टोमॅटो-कांदा शिजून उकळी आल्यावर. कच्च्या भाज्यांत आणि भिजवलेल्या पिठात फॉस्फेटेज नावाची एन्झाइम असतात, ती इनोसिनेट मोडून टाकतात. माशाच्या अंगातल्या घड्याळापासून वाचवलेली गोडी घावनाच्या पिठात घालून गमावू नका. उकळीनं ही एन्झाइमही संपतात, मग भुकटी निर्धास्त घाला. मीठ शेवटी, चाखून, कारण नेहमीपेक्षा कमी लागतं.

कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांनी जवळ्याची भुकटी चिमूटभरही खाऊ नये. ज्यांचं युरिक ॲसिड वाढतं, गाऊटचा त्रास आहे, त्यांनीही डॉक्टरांना विचारावं, कारण इनोसिनेट शरीरात मोडून शेवटी युरिक ॲसिडच होतं. घरी पाहुणे आले तर भुकटी घातलीय हे आधी सांगावं. वरणात ती दिसत नाही, आणि ज्यांना मासळी चालत नाही त्यांच्या पानात ती न कळत जाणं बरोबर नाही.

साठवण मुंबईत सगळ्यात अवघड. जूनमध्ये हवा इतकी ओली असते की उघडी राहिलेली भुकटी एका दुपारीत गोळा होते. मी काचेच्या लहान बरण्या भरते, एक वापरात, बाकीच्या फ्रिजमध्ये. फ्रिजमधली बरणी बाहेर काढल्यावर खोलीइतकी गरम होऊ द्यायची, मगच झाकण उघडायचं, नाहीतर हवेतलं पाणी थंड भुकटीवर बसतं. चमचा कोरडा. बरणीवर तारीख आणि मासळीचं नाव. खवट वास आला की टाकून द्यायची, तेलात परतून तो जात नाही.

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांच्या हिशेबानं मी मेच्या पहिल्या आठवड्यात तीन किलो मांदेलीचा घाट घालते. यंदा चार बरण्या झाल्या. एक मावशींना दिली. त्यांनी झाकण उघडून वास घेतला, चिमूट जिभेवर ठेवली, आणि पुढच्या वेळी जवळा थोडा वाढव म्हणाल्या.